गोळ्यांचा आकडा कोण भरतं?

समजा, अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या एका बाईंना आज घरी सोडायचं आहे. दुर्बिणीतून केलेली, चार छोट्या छेदांची शस्त्रक्रिया. निवासी डॉक्टर पहाटे पाचपासून उभा आहे आणि अजून सहा जणांचे डिस्चार्ज बाकी आहेत. तो संगणकासमोर बसतो आणि औषधाच्या चौकटीत 'ऑक्सि' एवढंच टाइप करतो. खाली यादी उघडते. 'ऑक्सिकोडोन 5 मिलिग्रॅम' या ओळीवर क्लिक केल्याबरोबर बाकीचे रकाने आपोआप भरतात. तोंडाने घेणे, दर सहा तासांनी, गरजेनुसार, संख्या 30. तो एकदा नजर फिरवतो. चुकीचं काही दिसत नाही. सही करतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो.

या तीस गोळ्या कुणी ठरवल्या? डॉक्टरने ठरवल्या म्हणावं तर त्याने फक्त आलेला आकडा खोडला नाही. बाईंना तर कुणी विचारलंच नाही. तो आकडा कधीतरी, कुठल्यातरी बैठकीत किंवा बैठकीशिवायच, संगणकात भरला गेला होता. ज्याने भरला त्याने या बाईंना कधी पाहिलेलं नाही आणि त्यांचं पोट किती दुखतं हे त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. तरी चिठ्ठीवर सर्वांत ठळक खूण त्याचीच उमटली आहे.

आधीच भरून ठेवलेल्या अशा आकड्याला 'डिफॉल्ट' म्हणतात. अफूवर्गीय वेदनाशामकं, म्हणजे ओपिऑइड (ऑक्सिकोडोन त्यांतलंच एक), किती लिहिली जातात यावर या एका चौकटीचा किती परिणाम होतो, हे अमेरिकेत गेल्या काही वर्षांत बारकाईने तपासलं गेलं आहे. हा विषय वरवर पाहता संगणकवाल्यांचा वाटतो. मला तो पूर्णपणे वैद्यकीय वाटतो, आणि का वाटतो ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. पर्ड्यू फार्मा या कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन हे ऑक्सिकोडोनचं औषध 1996 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलं. 'दुखणं सहन करायला लावू नका, ही औषधं सुरक्षित आहेत' असा प्रचार जोरात झाला आणि चिठ्ठ्यांचा पूर आला. 2012 साली अमेरिकेत ओपिऑइडच्या सुमारे 25 कोटी 50 लाख चिठ्ठ्या दिल्या गेल्या, म्हणजे दर शंभर माणसांमागे 81. व्यसन आणि अतिसेवनाने होणारे मृत्यू वाढत गेले, तसं डॉक्टरांच्या सढळ हाताकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

याच काळात कागद जाऊन संगणक आला. 2009 च्या कायद्याने अमेरिकन सरकारने रुग्णालयांना आणि दवाखान्यांना इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी वापरण्यासाठी अब्जावधी डॉलरचं प्रोत्साहन दिलं. काही वर्षांतच जवळपास सगळी मोठी रुग्णालयं पडद्यावर आली. रुग्णाचा इतिहास, तपासण्या, औषधं, सगळं एका जागी. यातून भलं खूप झालं. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावत बसण्याची फार्मासिस्टची कटकट संपली, हेही थोडं नव्हे.

पण एक फरक पडला. कागदावर आकडा लिहिताना हाताला क्षणभर थांबावं लागायचं. किती लिहू? दहा? वीस? पडद्यावर तो क्षण नाहीसा झाला. उत्तर आधीच तिथे बसलेलं असतं.

तीसच का, याला बहुतेक वेळा शास्त्रीय कारण नसतं. कधी औषध समितीने विचार करून आकडा ठरवलेला असतो. कधी यंत्रणा बसवताना 'आपल्याकडे साधारण एवढंच लिहितात' म्हणून जुनी सवय तशीच्या तशी आत गेलेली असते. महिन्याचे दिवस तीस, म्हणून आकडाही तीस, असंही होतं. त्यात नियमांनी भर घातली. ऑक्टोबर 2014 मध्ये हायड्रोकोडोन या दुसऱ्या ओपिऑइडची संयुक्त औषधं अमेरिकेत नियंत्रित औषधांच्या अधिक कडक यादीत गेली. त्यानंतर ती संपली की फार्मसीतून तीच चिठ्ठी पुन्हा भरून घेता येईना, दर वेळी नवी चिठ्ठी लागू लागली. हेतू चांगला होता. पण शल्यचिकित्सकाच्या जागी उभं राहून पाहा. रुग्ण दोन तासांच्या अंतरावर राहतो. शनिवारी रात्री दुखायला लागलं तर तो काय करेल? त्यापेक्षा आधीच थोड्या जास्त दिलेल्या बऱ्या. हा विचार काळजीपोटीच येतो, आणि म्हणूनच तो मोडायला अवघड आहे.

दहा गोळ्या जास्त गेल्या तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. तीन गोष्टी बिघडतात.

शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या ओपिऑइड गोळ्यांचं पुढे काय होतं, याच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या अभ्यासांत 67 ते 92 टक्के रुग्णांनी गोळ्या उरल्याचं सांगितलं. उरलेल्या गोळ्या क्वचितच कुणी परत करतं. त्या न्हाणीघराच्या कपाटात राहतात आणि तिथून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागतात.

दुसरी गोष्ट मला अधिक विचार करायला लावणारी वाटते. मिशिगन राज्यातल्या 33 रुग्णालयांच्या माहितीवरून असं दिसलं की रुग्ण किती गोळ्या घेतो याच्याशी सर्वांत घट्ट नातं होतं ते त्याला किती गोळ्या दिल्या याचं. तो किती दुखलं म्हणतो, याहूनही घट्ट. चिठ्ठीवर एक गोळी वाढली की पोटात जाणारं प्रमाण सरासरी 0.53 गोळीने वाढत होतं. म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा नुसता साठा ठरवत नाही. 'डॉक्टरांनी तीस दिल्यात म्हणजे एवढं दुखणारच असेल, एवढ्या लागणारच असतील' हा निरोप तो रुग्णाला देतो. तो निरोप डॉक्टरने जाणूनबुजून पाठवलेला नसला, तरी पोहोचतो.

तिसरी गोष्ट दिवसांची. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 2017 मध्ये मांडलेल्या विश्लेषणात पहिल्यांदाच ओपिऑइड घेणाऱ्यांकडे पाहिलं होतं. वर्षभरानंतरही ही औषधं चालू असण्याची शक्यता, किमान एक दिवसाची औषधं मिळालेल्यांत 6 टक्के, आठ किंवा अधिक दिवसांची मिळालेल्यांत 13.5 टक्के, आणि 31 किंवा अधिक दिवसांची मिळालेल्यांत 29.9 टक्के निघाली. ज्यांचं दुखणं मुळातच मोठं, त्यांना जास्त दिवसांची औषधं मिळतात हे खरं, त्यामुळे सगळा दोष गोळ्यांच्या माथी मारता येणार नाही. पण तिसऱ्या दिवसापासूनच चढत जाणारी ही रेघ पाहिल्यावर 'असू देत चार जास्त' म्हणणं जड जातं.

आता त्या चौकटीकडे परत येऊ. आकडा बदलला तर डॉक्टरांचं लिहिणं बदलतं का?

येल न्यू हेवन या रुग्णालय समूहात शस्त्रक्रियेनंतरच्या ओपिऑइडचा डिफॉल्ट 30 वरून 12 वर आणला. त्यासाठी ना वेगळं प्रशिक्षण लागलं, ना दम, ना बंदी. हवं तर डॉक्टर 12 खोडून 40 लिहू शकत होता. तरी एका चिठ्ठीमागचा मध्यक 30 वरून 20 वर आला. आणि महत्त्वाचं म्हणजे, 'गोळ्या पुरल्या नाहीत, पुन्हा द्या' म्हणणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. हा निकाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

पेनसिल्व्हेनियातल्या दोन आपत्कालीन विभागांत उलट दिशेने सुरुवात झाली होती. जुन्या यंत्रणेत संख्या हाताने भरावी लागायची, नव्या यंत्रणेत 10 हा डिफॉल्ट आला. बरोबर दहा गोळ्यांच्या चिठ्ठ्या 20.6 टक्क्यांवरून 43.3 टक्क्यांवर गेल्या. आदल्या महिन्यापर्यंत हे डॉक्टर निरनिराळे आकडे लिहीत होते. रुग्ण बदलले नव्हते, दुखणी बदलली नव्हती. चौकट बदलली होती.

यावर एक शंका रास्त आहे. नवी यंत्रणा येते तेव्हा बाकीही बरंच बदलतं, मग श्रेय आकड्यालाच कसं द्यायचं? कॅलिफोर्नियातल्या दोन आपत्कालीन विभागांत केलेल्या चाचणीने ही शंका थेट तपासली. तिथे दर चार आठवड्यांनी डिफॉल्ट बदलत ठेवला, कधी 5, कधी 10, कधी 15, कधी चौकट रिकामी, आणि हा क्रम नशिबावर सोडला. शंभरावर डॉक्टर आणि इतर चिकित्सक, चार हजारांहून अधिक चिठ्ठ्या. उत्तर आलं 0.19. डिफॉल्ट एका गोळीने वाढवला की चिठ्ठी सरासरी 0.19 गोळीने वाढते. म्हणजे डिफॉल्ट दहाने कमी केला तर चिठ्ठी साधारण दोन गोळ्यांनी घटते.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यातच या उपायाची ताकद आणि मर्यादा दोन्ही आहेत. दोन गोळ्या म्हणजे फार नाहीत. डॉक्टर यंत्राचे गुलाम नाहीत. बहुतेक जण आपला विचार करूनच लिहितात, आकडा त्यांना फक्त आपल्या बाजूला किंचित ओढतो. पण ही ओढ प्रत्येक चिठ्ठीवर, प्रत्येक पाळीत, थकलेल्या आणि ताज्या अशा दोन्ही डॉक्टरांवर काम करते. कुणाला वर्गात बसवावं लागत नाही. आणि एक रुपया खर्च न करता, असं म्हणायचा मोह होतो, पण तसं नाही. तो आकडा काय असावा हे शोधायला कष्ट लागतात. त्याविषयी शेवटी.

इथे एका कमी चर्चेतल्या सेटिंगकडे लक्ष वेधतो. कित्येक यंत्रणांत संख्या थेट भरलेली नसते, यंत्र ती गुणाकाराने काढतं. डॉक्टर मात्रा, वारंवारता आणि दिवस लिहितो, यंत्र गोळ्या मोजतं. सोय म्हणून उत्तम. आता ही नेहमीची चिठ्ठी घ्या: 'ऑक्सिकोडोन 5 मिलिग्रॅम, 1 ते 2 गोळ्या, दर 4 ते 6 तासांनी, गरजेनुसार, 5 दिवस.' यंत्राने वरची बाजू धरली तर दोन गोळ्या, दिवसातून सहा वेळा, पाच दिवस, म्हणजे 60 गोळ्या. खालची बाजू धरली तर एक गोळी, चार वेळा, पाच दिवस, म्हणजे 20. शब्द तेच, सही तीच, आणि फरक तिपटीचा.

मॉर्फिनच्या मापात पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. वेगवेगळी ओपिऑइड एका तराजूत तोलण्यासाठी त्यांची ताकद मॉर्फिनमध्ये बदलून मोजतात. ऑक्सिकोडोनसाठी दीडने गुणतात. वरच्या हिशोबाने दिवसाला 60 मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन, म्हणजे 90 मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं. ही बरोबर तीच पातळी आहे, जी शक्यतो टाळा, असं सीडीसीने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन दुखण्यासाठीही सांगितलं होतं. खालच्या हिशोबाने ते भरतं 30. 'गरजेनुसार' या शब्दाला माणसाच्या लेखी अर्थ आहे: दुखलं तर घ्या, नाही तर नको. गुणाकाराला तो शब्द दिसतच नाही. माणूस रात्रीचा झोपतो, हेही गुणाकाराला ठाऊक नाही. म्हणून गुणाकार कुठल्या बाजूने करायचा, की तो बंदच ठेवून संख्या डॉक्टरलाच भरायला लावायची, हा निर्णय रुग्णालयाने डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा.

मग सरळ इशारा का देऊ नये, पडद्यावर लाल खिडकी, 'जास्त गोळ्या लिहिताय'? इशारे देतात, आणि काही उपयोगीही असतात. ओपिऑइडबरोबर झोपेच्या किंवा चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या चालू असतील तर श्वास मंदावण्याचा धोका असतो, तिथे यंत्राने हटकायलाच हवं. पण अशा खिडक्या दिवसभर उघडत राहतात. औषध-सुरक्षेच्या इशाऱ्यांपैकी 49 ते 96 टक्के डॉक्टर बाजूला सारतात, असं 2006 च्या एका आढाव्यात दिसलं होतं. पंधरावी खिडकी वाचायला कुणाचं मन थाऱ्यावर असणार? डिफॉल्ट टोकत नाही, वाट अडवत नाही, म्हणूनच तो टिकतो.

पण न टोकता वळवणारी ही ताकद ज्याच्या हाती जाईल त्याची होते. प्रॅक्टिस फ्यूजन ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी दवाखान्यांना आरोग्य नोंदींचं सॉफ्टवेअर फुकट द्यायची. जानेवारी 2020 मध्ये या कंपनीने फौजदारी आणि दिवाणी दावे मिटवण्यासाठी 14 कोटी 50 लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. अमेरिकेच्या न्याय विभागाने मांडलेलं प्रकरण असं: एका ओपिऑइड कंपनीकडून सुमारे दहा लाख डॉलर घेऊन प्रॅक्टिस फ्यूजनने डॉक्टरांच्या पडद्यावर वेदनेविषयीची एक सूचना बसवली. रुग्णाची वेदना मोजा, उपचाराची योजना करा, आणि पर्यायांच्या यादीत दीर्घकाळ चालणारी ओपिऑइड. सूचना कधी उघडावी, ती कुठल्या वैद्यकीय मार्गदर्शनावर बेतावी, हे ठरवण्यात पैसे देणाऱ्या औषध कंपन्यांच्या विपणन विभागांचा हात होता. ओपिऑइडची ही सूचना 2016 पासून 2019 पर्यंत चालू होती. नंतर पर्ड्यू फार्माने नोव्हेंबर 2020 मध्ये जे गुन्हे कबूल केले, त्यांत याच सॉफ्टवेअर कंपनीला दिलेल्या लाचेचा समावेश होता.

हे वाचताना मला सर्वांत जास्त त्रास झाला तो त्या डॉक्टरांचा विचार करून. त्यांच्या लेखी ती सूचना म्हणजे वैद्यकशास्त्राचा आवाज होता. जाहिरात असती तर त्यांनी ओळखली असती. औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन दारात आला तर तो कोण आणि कशासाठी आला हे कळतं. पडद्यावरच्या चौकटीला चेहरा नसतो. त्यामुळे 'कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कशाच्या आधारे ठरवलं' ही तीन उत्तरं ज्या सेटिंगबद्दल रुग्णालयातल्या कुठल्याही डॉक्टरला मागितल्याबरोबर मिळत नाहीत, ते सेटिंग माझ्या मते चालू ठेवू नये.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय अर्धवट राहील. कमी म्हणजे चांगलं, असं धरून चाललो तर दुखणाऱ्या माणसाच्या तोंडाला पानं पुसली जातील. सीडीसीच्या 2016 च्या सूचना डॉक्टरांना विचारासाठी दिल्या होत्या. अनेक ठिकाणी त्यांचं रूपांतर कडक मर्यादांत झालं, आणि वर्षानुवर्षं ओपिऑइडवर असलेल्या लोकांची औषधं झटक्यात तोडली गेली. एप्रिल 2019 मध्ये एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला, जाहीर इशारा द्यावा लागला की औषध अचानक बंद केल्याने असह्य वेदना, मानसिक कोसळणं आणि आत्महत्येपर्यंत गोष्टी जात आहेत. 2022 मध्ये सीडीसीने सूचना नव्याने लिहिल्या, तेव्हा त्या ठोक मर्यादा म्हणून वापरू नका, असं बजावलं. म्हणून छोटा डिफॉल्ट शोभतो तो नव्या, तात्पुरत्या दुखण्यात, जिथे रुग्ण आधीपासून ओपिऑइडवर नाही. कर्करोगाच्या वेदनेने तळमळणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीत 12 चा आकडा आपोआप येऊन बसणं हा निष्काळजीपणा आहे. आणि आकडा खोडून मोठा लिहिणं एका कळीचं काम राहायला हवं. त्यासाठी डॉक्टरला चार खिडक्यांतून कारणं देत बसावं लागलं, तर ती सूचना न राहता बंदी होते.

आणखी एक सत्य. 2020 पर्यंत अमेरिकेतल्या ओपिऑइड चिठ्ठ्या 14 कोटी 20 लाखांवर आल्या होत्या, म्हणजे 2012 च्या जवळपास निम्म्यावर. तरी 2021 मध्ये ओपिऑइडने 80 हजारांवर माणसं गेली, बहुतेक बेकायदा फेंटानिल या अतितीव्र कृत्रिम ओपिऑइडने. चिठ्ठीची चौकट ते मृत्यू थांबवू शकत नाही. ती एवढंच करू शकते की रुग्णालयातून नव्याने कुणी या वाटेला लागू नये, आणि ज्याला धोका आहे त्याच्या चिठ्ठीत अतिसेवनावरचा उतारा, नॅलोक्सोन, विसरला जाऊ नये. डिस्चार्जच्या औषधसंचात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आधीच खूण करून ठेवणं, आणि ओपिऑइडची खूण डॉक्टरवर सोडणं, हाही त्याच जातीचा साधा उपाय आहे.

राहिला प्रश्न आकडा आणायचा कुठून. मिशिगन विद्यापीठातल्या शल्यचिकित्सकांनी तो रुग्णांकडूनच आणला. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्यांना त्यांनी विचारलं, तुम्ही प्रत्यक्षात किती गोळ्या घेतल्या? तोवर चिठ्ठीचा मध्यक मॉर्फिनच्या मापात 250 मिलिग्रॅम होता, म्हणजे 5 मिलिग्रॅमच्या हायड्रोकोडोनच्या साधारण 50 गोळ्या. प्रत्यक्षात घेतलेल्यांचा मध्यक निघाला 30 मिलिग्रॅम. सहा गोळ्या. त्यावरून त्यांनी नवी शिफारस बनवली आणि चिठ्ठीचा मध्यक 75 मिलिग्रॅमवर, म्हणजे 15 गोळ्यांवर आला. पुन्हा औषध मागणारे वाढले नाहीत. यानंतरही रुग्णांना तोच प्रश्न विचारणं चालू राहिलं, इतर शस्त्रक्रियांसाठीही: किती घेतल्या, आणि किती उरल्या?